डिव्हिडंड दोघांचा, खातं एकच

प्रश्न : इचलकरंजीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एकूण १०,००० शेअर्स. ६,००० पतींचे, ४,००० माझे. २० सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत शेअरमागे ६० रुपये डिव्हिडंड (लाभांश) जाहीर केला. २९ तारखेला कंपनीच्या करंट खात्यातून ५,४०,००० रुपये एकाच एनईएफटीने आमच्या जॉइंट खात्यात आले. खात्यावर पहिलं नाव पतींचं. टीडीएसचे (कंपनीने आधीच कापलेल्या कराचे) ६०,००० सगळे त्यांच्याच पॅनवर दिसतात. हे चालेल का? आणि पुढच्या वेळी डिव्हिडंडची भानगड नको म्हणून लागेल तशी उचल घेतली तर?

उत्तर : जॉइंट खात्यात डिव्हिडंड घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२३(५) प्रमाणे तो नोंदणीकृत भागधारकाला, त्याच्या आदेशानुसार किंवा त्याच्या बँकेला द्यायचा असतो. त्यामुळे 'माझा डिव्हिडंड अमुक क्रमांकाच्या खात्यात जमा करावा' असं तुमच्या सहीचं पत्र कंपनीच्या फाइलला हवं. पतींचंही वेगळं घ्या. पैसे परत करून पुन्हा पाठवण्याचा खटाटोप नको. आज पत्र दिलं तर त्यावर आजचीच तारीख टाका आणि २,१६,००० रुपये मिळाल्याची पोच त्यातच द्या. कंपनीच्या वहीत मात्र दोन स्वतंत्र नोंदी हव्यात : पतींचे ३,६०,००० वजा टीडीएस ३६,०००, तुमचे २,४०,००० वजा २४,०००.

चूक झाली आहे ती वेगळ्याच ठिकाणी. जाहीर झालेली पूर्ण रक्कम पाच दिवसांच्या आत शेड्युल्ड बँकेतल्या (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेतल्या) स्वतंत्र डिव्हिडंड खात्यात टाकावी लागते. दोनच भागधारक, तेही नवरा-बायको, म्हणून यात सूट मिळत नाही. तुमच्याकडे असं खातंच उघडलं नाही आणि नऊ दिवस गेले. हे आता मागे जाऊन दुरुस्त होणार नाही. दंडाचं काय करायचं ते कंपनी सेक्रेटरीशी बोला. पुढच्या वेळी खातं सभेआधीच उघडून ठेवा. पतसंस्थेतलं खातं चालत नाही, आणि नागरी सहकारी बँक असेल तर ती शेड्युल्ड यादीत आहे का ते आधी विचारा. तीस दिवसांत वाटप करायची अट मात्र तुम्ही पाळली आहे. ती चुकली असती तर कंपनीला १८ टक्के व्याज बसलं असतं.

आता कराचं. खात्यावर पहिलं नाव कोणाचं यावरून डिव्हिडंड कोणाचा हे ठरत नाही. शेअर्स तुमच्या नावावर आहेत म्हणून तो तुमचा, पण एक प्रश्न उरतो : त्या ४,००० शेअर्सचे पैसे कोणी भरले? दर्शनी किंमत १० रुपये धरली तर अवघे ४०,०००. ते तुमच्या पगारातून, शिवणकामातून किंवा माहेरच्या पैशांतून आले असतील तर उत्पन्न तुमचं. पतींनी दिले असतील, किंवा ज्या जॉइंट खात्यात फक्त त्यांचाच पगार येत होता त्यातून गेले असतील, तर आयकर कायदा १९६१ चं कलम ६४(१)(iv) लागतं आणि तुमचे २,४०,००० त्यांच्या उत्पन्नात मिळवले जातात. पतीने दिलेल्या रोख भेटीतून पत्नीने शेअर्स घेतले तरी हेच होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने मोहिनी थापर प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा कंपनी स्थापनेच्या वेळचं बँक स्टेटमेंट शोधा. 'ते कर्ज होतं' असा मागच्या तारखेचा कागद कोणी सुचवला तर साफ नकार द्या.

हे ठरल्याशिवाय टीडीएस रिटर्नला हात लावू नका. शेअर्सचे पैसे तुमचे निघाले तर कंपनीने २६क्यूचं (टीडीएसच्या तिमाही रिटर्नचं) दुरुस्ती विवरण भरावं : पतींच्या ओळीतली रक्कम ३,६०,००० करायची आणि तुमच्या पॅनची नवी ओळ घालायची. तुम्हाला दुसरं उत्पन्न नसेल तर तुमचं रिटर्न भरून २४,००० परत मिळतील. ते रिटर्न भरलं नाही तर मात्र पैसे सरकारकडेच राहतील. पैसे पतींचे निघाले तर आयकर नियम ३७बीए प्रमाणे त्यांचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण लिहून तुम्ही कंपनीला निवेदन द्या, म्हणजे त्यांच्या पॅनवरच्या नोंदीला आधार मिळेल. पतींनी मग त्यांच्या रिटर्नमध्ये एसपीआय परिशिष्टात (जोडीदाराचं आपल्यात मिळवलेलं उत्पन्न जिथे दाखवतात तिथे) ही रक्कम दाखवायची.

उचलीचा विचार सोडा. १० टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला तुमच्यासारख्या प्रायव्हेट कंपनीने दिलेली उचल किंवा कर्ज, कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, आयकर कायद्याखाली डिव्हिडंडच मानली जाते. वर्ष संपायच्या आत फेडली तरी कर चुकत नाही, आणि तुम्ही दोघंही त्या १० टक्क्यांच्या वर आहात. मध्येच पैसे लागले तर संचालक मंडळाच्या ठरावाने अंतरिम (वर्षाच्या मध्येच दिला जाणारा) डिव्हिडंड जाहीर करा. पाच दिवसांचं वेगळं खातं त्यालाही लागतंच, आणि रक्कम पाठवताना दोन वेगळ्या एनईएफटी करून प्रत्येकीत फोलिओ क्रमांक (भागधारकांच्या नोंदवहीतला क्रमांक) टाका.