दोन महिने उभी असलेली 125 सीसी गाडी फक्त चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. घरी काय करता येईल?

तुमचा प्रश्न असा आहे: कार्ब्युरेटरची गाडी दोन महिने उभी होती, आता चोक ओढून सुरू होते, पण चोक काढला की मिनिटभरात बंद पडते आणि प्लग, कॉइल, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारे विजेचे भाग) बदलायचा सल्ला मिळालाय. कॉइल आणि सीडीआय तूर्त विकत घेऊ नका. गाडी चोकवर सलग चालते, म्हणजे करंट येतोय आणि कॉम्प्रेशनही कामापुरतं आहे. चोक पेट्रोल-हवेचं मिश्रण दाट करतो, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. दाट मिश्रणावर चालणारी गाडी नेहमीच्या मिश्रणावर बंद पडत असेल, तर तिला पेट्रोल कमी मिळतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. माझा पहिला संशय पायलट जेटवर आहे, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर.

गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि खाली चिकट थर उरतो. मेन जेटचं (जास्त रेसवर पेट्रोल देणाऱ्या मोठ्या जेटचं) भोक साधारण एक मिलिमीटरचं असतं, ते सहसा तग धरतं. पायलट जेटचं भोक असतं 0.35 ते 0.4 मिलिमीटरच्या आसपास, आणि तेच आधी बुजतं. स्लोवर आणि थोड्या रेसवर गाडी याच जेटवर चालते. म्हणून रेस धरून ठेवली तर चालते आणि सोडली की बंद, असं होत असेल तर खात्री जवळजवळ पक्की.

तरी कार्ब्युरेटर खोलण्याआधी दहा मिनिटं पेट्रोलला द्या. इंजिन गार हवं, जागा मोकळी हवी, जवळपास दिवा, शेगडी, सिगरेट काहीही नको. वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली काचेची बाटली धरा आणि स्क्रू सैल करा. पेट्रोल तपकिरी असेल, त्याला वार्निशसारखा वास येत असेल किंवा तळाशी पाण्याचे वेगळे थेंब दिसत असतील, तर टाकीतलंही पेट्रोल बदला. ते गटारात ओतू नका. आता ड्रेन उघडाच ठेवून पेट्रोलचा नळ चालू करा. धार न तुटता येत राहिली पाहिजे. थोड्या वेळाने बारीक झाली तर टाकीचं झाकण उघडा. लगेच वाढली तर झाकणातलं हवेचं छिद्र बंद आहे, ते साफ केलं की काम झालं. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर नळाची जाळी तुंबली आहे किंवा फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल सोडणारी-थांबवणारी) अडकली आहे. काही गाड्यांचा नळ इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतो. तिथे इंजिन बंद असताना पेट्रोल येणारच नाही, तो दोष नव्हे.

प्लग काढून एकदा बघा, पण रंगावर फार विसंबू नका. गाडी इतके दिवस चोकवरच चाललीय, त्यामुळे प्लग काळा आणि काजळलेला निघणारच. तो पायलट जेट बुजल्याच्या विरोधातला पुरावा नाही. ब्रशने साफ करा, गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा (बऱ्याच लहान गाड्यांना 0.6 ते 0.9 मिलिमीटरमधला आकडा असतो) आणि आधी बोटांनीच आटे बसवून मग पान्याने आवळा. तिरका बसला तर हेडचे ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि लहान काम मोठं होतं.

आता मुख्य काम. नळ बंद करा, वाटी रिकामी करा. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरकडचा आणि इंजिनकडचा क्लॅम्प सैल केला की कार्ब्युरेटर आडवा फिरवता येतो, पूर्ण काढावा लागत नाही. वाटीचे स्क्रू उघडताना खाचेत नीट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, ढिला असेल तर स्क्रूचं डोकं खराब होतं. वाटी निघाली की मधोमध मेन जेट दिसतो आणि त्याच्या शेजारच्या अरुंद भोकात, खोल, पायलट जेट. तो पितळी आणि मऊ असतो. खाचेच्या रुंदीएवढा स्क्रूड्रायव्हर सरळ दाबून फिरवा.

काढलेला जेट उजेडाकडे धरा. मधोमध गोल, स्वच्छ प्रकाशबिंदू दिसला पाहिजे. अंधार दिसला किंवा बिंदू वेडावाकडा दिसला, तर कार्ब क्लीनरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा, मग स्प्रे मारा. तरीही मोकळा झाला नाही तर वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घाला. सुई, टाचणी, पोलादी तार अजिबात नको. भोक किंचित जरी मोठं झालं तर मिश्रण कायमचं दाट होतं, ॲव्हरेज पडतं, आणि तो जेट मग बदलावाच लागतो.

इथेच बरेच जण थांबतात आणि गाडी पुन्हा तशीच वागते, कारण जेट साफ होतो पण त्याची वाट बुजलेलीच राहते. जेट जिथे बसतो त्या भोकात स्प्रेची नळी लावा आणि दाबा. इंजिनकडच्या तोंडात, थ्रॉटलच्या कडेजवळच्या बारीक छिद्रांतून फवारा बाहेर आला पाहिजे. तो येईपर्यंत काम संपलं नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण स्प्रे नेमका दुसऱ्याच छिद्रातून तोंडावर येतो. व्हॅक्यूम प्रकारचा कार्ब्युरेटर असेल तर वरच्या रबरी डायफ्रामला क्लीनर लागू देऊ नका, रबर फुगतं.

मिश्रणाचा स्क्रू काढायचा असेल तर आधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोरात आवळला तर त्याचं टोक वाकतं. काढताना स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग कुठल्या क्रमाने निघतात त्याचा फोटो घ्या. बसवताना तेवढेच फेरे बाहेर. बहुधा हा आकडा दीड ते अडीच फेऱ्यांच्या मधे असतो.

जोडल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या, मगच स्लो लावा. मिश्रणाचा स्क्रू अगदी सावकाश फिरवत इंजिन जिथे सर्वांत वेगाने आणि एकसारखं चालतं ती जागा पकडा, मग स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा. अनेक लहान गाड्यांना 1400 आरपीएमच्या आसपास स्लो लागतो.

एवढं करूनही चोक सोडवत नसेल तर हवा शिरतेय का ते बघा. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या मधल्या रबरी जोडाला चिरा पडतात किंवा त्याची ओ-रिंग दबून चपटी होते. गाडी चोकवर चालू ठेवून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. काही जण ही तपासणी पाण्याऐवजी पेट्रोल किंवा क्लीनर मारून करतात, ती पद्धत मी सांगणार नाही. गरम इंजिनवर ते पेट घेऊ शकतं.

शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली ठरावीक फट. टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज चुकीचा आहे. फार घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही, आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. गॅप थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर असताना मोजतात. आकडा मॅन्युअलचाच घ्या. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशी नसेल तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्या.

पुढच्या वेळी गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल, तर नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. व्हॅक्यूमचा नळ असेल तर इंजिन बंद केल्यावर ड्रेन स्क्रूने वाटी रिकामी करा.