‘डिस्कस’पुढचे ‘अबाउट’

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते. वार्षिक अहवालाच्या इंग्रजी मसुद्यातील ‘वी डिस्कस्ड अबाउट द लोन पॉलिसी’ या वाक्यातले ‘अबाउट’ आणि ‘द कमिटी एम्फसाइज्ड ऑन रिकव्हरी’ यातले ‘ऑन’ आमच्या लेखापरीक्षकांनी लाल शाईने खोडले. मराठीत आपण धोरणावर चर्चा करतो, वसुलीवर भर देतो. मग इंग्रजीत हे शब्द का नकोत? कोणत्या क्रियापदापुढे कोणते प्रिपोझिशन घ्यावे, याला काही नियम आहे का?
— एक वाचक

उत्तर : दुरुस्ती योग्य आहे आणि चुकीचे मूळ तुमच्या प्रश्नातच आहे. मराठीत आपण चर्चा ‘करतो’, भर ‘देतो’, लग्न ‘करतो’. म्हणजे क्रियेचा सारा अर्थ नामात असतो, क्रियापद केवळ हातभार लावते आणि ‘वर’ किंवा ‘शी’ यांची गरज त्या नामाला असते. इंग्रजीतही नामाला अशी जोड लागते, म्हणून ‘अ डिस्कशन अबाउट द पॉलिसी’, ‘एम्फसिस ऑन रिकव्हरी’, ‘अ डिमांड फॉर वॉटर’ हे सर्व शुद्धच आहे. मात्र त्याच शब्दाचे क्रियापद झाले की ते सकर्मक होते आणि कर्म थेट पुढे येते : ‘डिस्कस्ड द पॉलिसी’, ‘एम्फसाइज्ड रिकव्हरी’, ‘डिमांडेड वॉटर’. आपण मनात नाम धरून वाक्य जुळवतो आणि कागदावर क्रियापद लिहितो, तेव्हा नामाचे प्रिपोझिशन क्रियापदाला चिकटून येते. ‘मॅरीड विथ हर’ हा त्यातलाच प्रकार. ‘एंटर’ थोडे फसवे आहे, कारण खोलीत शिरताना ‘इंटू’ नको, पण करार करताना ‘एंटर इंटू ॲन अग्रीमेंट’ असेच लिहावे लागते.

उलटी चूकही होते. ‘गाणी ऐकतो’ यात आपल्याला मध्ये काहीच लागत नाही, म्हणून ‘आय लिसन साँग्ज’ असे सर्रास कानावर पडते. वास्तविक आपल्या एका ‘ऐकणे’मध्ये ‘हिअर’ आणि ‘लिसन’ हे दोन्ही सामावलेले आहेत आणि त्यांपैकी ‘लिसन’ला ‘टू’ हवेच. ‘वेट’ला ‘फॉर’ लागते, तर त्याच अर्थाच्या ‘अवेट’ला चालत नाही, कार्यालयीन पत्रांच्या शेवटी मात्र ‘अवेटिंग फॉर युअर रिप्लाय’ ठाण मांडून बसलेले असते.

सगळ्या क्रियापदांना पुरेल असा नियम नाही. पुष्कळ जोड्या निव्वळ रूढीने ठरलेल्या आहेत. ‘डिपेंड’ हा शब्द ‘खाली लोंबणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला, तरी त्याच्यापुढे ‘ऑन’ येते. (आपल्या ‘अवलंबून’मध्येही लोंबणारा ‘लंब’ आहेच आणि आपणही ‘वर’ म्हणतो, हा सुखद योगायोग.) काही ठिकाणी मात्र निवडीवर अर्थ अवलंबून असतो. ‘कुत्र्याला भाकरी टाकली’ आणि ‘कुत्र्याला दगड मारला’ या दोन्हींत आपला ‘ला’ एकच. इंग्रजीत भाकरी फेकली तर ‘थ्रू इट टू द डॉग’ आणि दगड फेकला तर ‘थ्रू इट ॲट द डॉग’. मिळावे म्हणून फेकलेल्याला ‘टू’, लागावे म्हणून फेकलेल्याला ‘ॲट’. ‘शाउट टू’ म्हणजे ऐकू जावे म्हणून हाक मारणे आणि ‘शाउट ॲट’ म्हणजे अंगावर ओरडणे, हा भेदही तसाच.

शंका आल्यास शब्दकोशात नामाची नोंद न पाहता क्रियापदाची पाहावी आणि अर्थापेक्षा तिथल्या उदाहरणवाक्यांकडे अधिक लक्ष द्यावे. तुमच्या मसुद्यात ‘रिक्वेस्टेड फॉर’ आणि ‘ऑर्डर्ड फॉर’ ही रूपेही कुठे आहेत का, हे एकदा तपासा. बहुतेक ठिकाणी त्यांतलेही ‘फॉर’ काढावे लागेल.