रक्तात विकरे भरपूर आणि पेशीत तुटवडा, हे एकाच वेळी कसे शक्य आहे?

आपण चाळीसगावहून विचारले आहे की, भाच्याला ‘आय-सेल’ हा आनुवंशिक आजार असल्याचे निदान झाले असून त्याच्या रक्तात लायसोझोमची (पेशीतल्या पचनाच्या कप्प्यांची) विकरे, म्हणजे एन्झाइम, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, तर त्वचेच्या पेशींत अगदी कमी आढळली. मग यांतली कोणती तपासणी चुकली? मी जळगावला जीवरसायनशास्त्र शिकवतो. माझ्या मते दोन्ही तपासण्या बरोबर असाव्यात, कारण हा आजार ओळखला जातो तो याच विसंगतीवरून.

या मुलांच्या पेशी पचनाची विकरे बनवतात, पण ती लायसोझोमपर्यंत पोहोचत नाहीत. सावद्याहून निघालेल्या केळीच्या मालाला बिल्टी, म्हणजे कुठे पोहोचवायचा ते सांगणारी पावती, लागते. तशी बिल्टी या विकरांवर गॉल्जी पिंडात, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या वर्गवारीच्या ठिकाणी, चढते. ‘एन-ॲसिटिलग्लुकोसअमाइन-१-फॉस्फोट्रान्सफरेज’ हे विकर यूडीपी या वाहक रेणूला जोडलेल्या शर्करेतून एन-ॲसिटिलग्लुकोसअमाइन-फॉस्फेटचा गट उचलून ग्लायकोप्रथिनावरील (शर्करा जोडलेल्या प्रथिनावरील) मॅनोज या शर्करेला जोडते, दुसरे विकर वरची शर्करा काढून टाकते आणि उघडा पडतो तो मॅनोज-६-फॉस्फेट. हीच खूण वाचून ग्राही (रिसेप्टर) प्रथिने माल लायसोझोमकडे नेतात. फॉस्फोट्रान्सफरेजच निकामी असेल तर खूण उमटत नाही आणि विकरे पेशीबाहेर, पर्यायाने रक्तात जातात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती फॉस्फोट्रान्सफरेजची पारख. मॅनोजच्या तशाच साखळ्या इतर असंख्य ग्लायकोप्रथिनांवरही असतात, त्यामुळे केवळ शर्करा पाहून भागत नाही; घडी पडलेल्या प्रथिनाच्या पृष्ठभागावर लायसिन या अमिनो आम्लाचे विशिष्ट घटक कोठे आले आहेत, हे ते ताडते. अपवादही आहेत: ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे लायसोझोमचे विकर वेगळ्या वाटेने लायसोझोममध्ये जाते, म्हणून ते या रुग्णांतही टिकून असते. अहवालात ते ठीक दिसले तर गोंधळून जाऊ नये.

१९७२ मध्ये हिकमन आणि न्यूफेल्ड या संशोधकांनी दाखवले की, निरोगी पेशींनी सोडलेली विकरे आय-सेल पेशी आत घेतात, पण आय-सेल पेशींनी सोडलेली विकरे इतर पेशी घेत नाहीत. म्हणजे दोष घेणाऱ्याकडे नसून मालावरच्या खुणेत होता. खूण उमटवणारे फॉस्फोट्रान्सफरेजच हरवले आहे, हे १९८१ मध्ये स्पष्ट झाले.

हा दोष बहुधा जीएनपीटीएबी या जनुकात असतो. आई-वडील दोघेही निरोगी वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून बहिणीने पुढच्या अपत्याचा विचार करण्यापूर्वी भाच्यातील नेमका जनुकदोष शोधून घ्यावा. तो सापडल्यावरच गर्भाची तपासणी नेमकेपणाने करता येते.