डोळ्यातून पाणी गळतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे!

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी यावलची, वय ४४. आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, शाळेचे दाखले सगळं मीच करते, म्हणजे सकाळपासून स्क्रीनसमोर आणि मार्च लागला की तोंडासमोर कूलर. संध्याकाळपर्यंत डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी तर इतकं गळतं की गिऱ्हाईक विचारतं ताई रडताय का. मेडिकलवाल्याने दिलेले थेंब टाकले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. जळगावला दाखवलं तर म्हणे डोळे कोरडे आहेत, अश्रूंच्या थराचा फोटो काढू. पाणी गळतंय तर कोरडे कसे? आणि हा फोटो खरंच लागतो की नुसता खर्च?

उत्तर : ताई, गळणारं पाणी वेगळं आणि डोळ्यावर टिकून राहणारं वेगळं. बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर कायम असावा लागतो, खाली चिकट पदार्थ, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाची अगदी बारीक साय. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्या तुंबल्या की तेल कमी पडतं, पाणी उडून जातं, बुबुळ उघडं पडून चुरचुरतं, मग मेंदू घाबरून एकदम पाणी सोडतो आणि ते गालावर येतं. तुमचं बहुतेक हेच असावं, पण डोळा न बघता मी छातीठोक सांगणार नाही.

कारण कोरडे डोळे म्हणजे एकच आजार नाही. काहींच्या डोळ्यात मुळात पाणीच कमी तयार होतं, काहींचं पाणी ठीक पण तेल कमी, आणि बऱ्याच जणांना दोन्ही असतं. थेंब कुठले आणि शेक द्यायचा की नाही, हे त्यावर ठरतं. फोटो त्यासाठीच.

मशीन डोळ्यावर उजेड टाकतं आणि तेलाच्या थरावरून परतणारे रंग टिपतं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर रंग दिसतात ना, तसेच, आणि त्या रंगांवरून थराची जाडी काढतात. ६० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी आली तर ग्रंथींवर संशय घ्यायचा. पण हा आकडा पापणी मिटण्यावर हलतो, त्यामुळे नुसत्या एका आकड्यावर निदान करणाऱ्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. काही मशीन त्याच वेळी व्हिडिओही घेतात, त्यात पापणी पूर्ण मिटते की अर्धीच ते दिसतं. तुमच्यासाठी मला हेच जास्त कामाचं वाटतं, कारण स्क्रीनवर बघणारे लोक पापणी कमी वेळा आणि अर्धवट मिटतात. इन्फ्रारेड फोटोत ग्रंथी शाबूत आहेत की झिजल्यात तेही कळतं, आणि झिजलेल्या ग्रंथी सहसा परत येत नाहीत म्हणून लवकर बघितलेलं बरं.

आता खर्चाचं. पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात थर किती सेकंदात तुटतो ते बघायची साधी तपासणी जुनीच आहे, १० सेकंदांच्या आत तुटला तर थर कच्चा. कसा तुटतो यावरूनही अंदाज येतो : डोळा उघडल्यावर रंग वर पसरतच नसेल तर पाणी फार कमी, उघडताक्षणी गोल ठिपके पडले तर खालचा चिकट थर बिघडलेला, आणि थर आधी नीट पसरून मग कुठेही फाटला तर बाष्पीभवन. हे हुशार डोळ्यांचे डॉक्टर मशीनशिवायही बघतात. म्हणून आधी ही तपासणी झाली का ते विचारा, आणि त्यावरून कारण नक्की होत नसेल तर फोटो काढा. फोटोच्या दिवशी काजळ नको, थेंबही टाकून जाऊ नका, तेलकट थेंब असतील तर आदल्या दिवसापासूनच बंद.

तोपर्यंत कूलरचं तोंड फिरवा. त्याची हवा ओली असते म्हणून डोळ्याला चांगली असा आपल्याकडे समज आहे, पण झोत थेट डोळ्यावर आला की ओलावा उडतोच. आणि मेडिकलवाल्याचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले लिहून घ्या. लाली घालवणारे थेंब तर रोज मुळीच नकोत.

दुसऱ्या वाचकाचा प्रश्न : आई ५८ वर्षांची, शिरपूरला असते. डोळे कोरडे, शिवाय तोंडही इतकं कोरडं की कळण्याची भाकर पाण्याशिवाय गिळत नाही, बोटांचे सांधेही दुखतात. तिचाही हाच फोटो काढायचा का?

उत्तर : दादा, आईचं आधी दुसरं बघा. डोळे, तोंड आणि सांधे एकत्र आले की शोग्रेन सिंड्रोमची शंका घ्यावी लागते, यात शरीर स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करतं. शर्मर टेस्ट करून घ्या, पापणीत कागदाची पट्टी ठेवतात, ५ मिनिटांत ५ मिलिमीटरही भिजली नाही तर पाणी कमी. सोबत रक्ततपासणी आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे एक फेरी. आई सर्दी-ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल तर त्या पिशवीत टाकून न्या, त्यांनीही तोंड-डोळे सुकतात. फोटो नंतर लागला तर बघू.