हात बरबटू द्या

मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. खेळायला कडधान्यं दिली तर चालतील?

तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत नकोच. राजमा, हरभरा, वाटाणा सहज नाकात जातो किंवा घशात अडकतो. नाकातल्या ओलाव्याने दाणा फुगतो, मग निघता निघत नाही. गेलाच, तर चिमट्याने कोरू नका, पाणी सोडू नका; थेट नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. त्यापेक्षा परातीत दोन वाट्या बारीक रवा, एक चमचा आणि दोन लहान वाट्या द्या. शेजारी बसा मात्र.

दाबलं की घट्ट, सोडलं की पातळ होतं तो खेळ करायला कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवलं, पण नुसतंच पातळ झालं. काय चुकलं?

एक तर पाणी जास्त पडलं, नाहीतर पिवळं मक्याचं पीठ वापरलंत. त्याने हा खेळ होत नाही. पांढरं, बोटांत चुरचुरणारं कॉर्नफ्लॉवरच हवं. दोन वाट्या कॉर्नफ्लॉवरला साधारण एक वाटी पाणी, त्यातलं शेवटचं पाव वाटी चमच्याचमच्याने. मुठीत आवळलं की गोळा, मूठ सैल केली की बोटांतून ओघळ, असं झालं की जमलं. दाब पडला की पिठाचे कण एकमेकांत अडतात, सोडला की सुटतात. चार वर्षांच्या मुलाला हे समजावत बसू नका. ‘जोरात बुक्की मार, आता हळूच बोट घाल’ एवढंच सांगा, फरक त्याचा त्याला सापडतो.

वेगळ्या वाटीत हळदीचं पाणी करून चिमूटभर खायचा सोडा टाका: रंग तांबूस होतो. लिंबू पिळलं की फसफसून पुन्हा पिवळा. (हा भाग आईबाबांनाच जास्त आवडतो.)

उरलेलं कॉर्नफ्लॉवर मोरीत ओतू नका, तळाशी बसून पाइप तुंबतो. वाळवून कचऱ्यात टाका.

मुलगा हात चिकट झाला की रडतो. सवय लावायची कशी?

हात धरून बुडवू नका. भीती पक्की होते. आधी कोरडा रवा, काही दिवसांनी त्यावर चमचाभर पाणी, मग मळलेली कणीक. सुरुवातीला चमच्याने ढवळू दे, ओला रुमाल त्याच्या हाताशी ठेवा. तोंडाने शब्द देत राहा: भरभरीत, लिबलिबीत, गिळगिळीत, चिकट. शब्द हातासोबत आला की चटकन बसतो. नखं कापणं, केस धुणं, मऊ भात खाणं यालाही तेवढाच विरोध असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना (मुलांच्या स्पर्शाच्या आणि रोजच्या कामांतल्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवा.

आणि पसारा?

आंघोळीच्या आधी अर्धा तास, बाथरूममध्येच. बादलीत पाणी भरून ठेवू नका. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, दचकू नका. धुऊन उन्हात टाका, फिकटतो.