वडिलांच्या जांघेत हर्निया आहे. उघडं ऑपरेशन करावं की दुर्बिणीतून? कामावर कधी जाता येईल?

फुगवटा एकाच बाजूला आणि पहिल्यांदाच आला असेल तर उघड्या ऑपरेशनला कमी लेखू नका. जांघेत छोटा छेद घेऊन जाळी बसवतात. तेवढीच जागा बधिर करूनही हे होतं, म्हणून हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मला तेच बरं वाटतं. दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते, खर्चही वाढतो. पण नंतर दुखणं कमी, आणि दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा उघड्या ऑपरेशननंतर परत आला असेल तर दुर्बीणच. जाळी न वापरणारी पुण्याच्या डॉ. देसरडांची पद्धतही आहे, फक्त ती हातात बसलेला सर्जन हवा.

बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. लगेच थोडं थोडं चालू द्या. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. संडासला जोर करावा लागू नये म्हणून भरपूर पाणी आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल. अंडकोशाला सूज, निळसरपणा आला तर घाबरू नका, बहुधा आपोआप ओसरतो. वाढत गेला तर मात्र दाखवा. बैठं काम एक-दोन आठवड्यांत, जड उचलणं ४ ते ६ आठवडे बंद.

पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.