‘किल द पुअर’ हे गाणं गरिबांच्या विरोधात आहे का? डेड केनेडीजचा हा अल्बम ऐकावा का?

तुमचा प्रश्न असा की ‘गरिबांना मारून टाका’ असं उघड ओरडणाऱ्या डेड केनेडीज या अमेरिकन पंक-रॉक बँडला लोक डाव्या विचारांचा कसं म्हणतात, आणि ‘फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स’ हा त्यांचा 1980 चा पहिला अल्बम पूर्ण ऐकण्याच्या लायकीचा आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: जरूर ऐका. 14 गाणी आहेत आणि साधारण 33 मिनिटांत सगळं आटोपतं.

आता पहिला प्रश्न. या अल्बममध्ये ‘मी’ म्हणून बोलणारा माणूस बऱ्याचदा गायक नसतोच. ज्याची खोड मोडायची त्याच्याच तोंडी गाणं घातलेलं असतं. शाळेत दोन मार्कांसाठी व्याजस्तुती पाठ केली असेल, तर ही युक्ती ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे स्तुती करणारा घसा फोडून ओरडतो आणि मागे ड्रम थांबत नाहीत.

‘किल द पुअर’मध्ये बोलतोय तो खुशीत आलेला सत्ताधारी. त्या काळात अमेरिकेत न्यूट्रॉन बॉम्बवरून वाद पेटला होता. स्फोट तुलनेने कमी, किरणोत्सर्ग जास्त, म्हणजे माणसं मरतील पण इमारती बऱ्यापैकी शाबूत राहतील, असं ते अस्त्र. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये त्याचं उत्पादन लांबणीवर टाकलं. गाण्यातला हा गृहस्थ मात्र हरखून गेलाय: मालमत्तेला धक्का नाही, झोपडपट्ट्या एका रात्रीत साफ, बेकारी संपली, गरिबांवर खर्च होणारा कर वाचला, चला, आज पार्टी! सुरुवातही मुद्दाम राष्ट्रगीतासारखी संथ आणि भारदस्त ठेवली आहे, मग एकदम गाडी सुटते. त्यातच एक टोमणा आहे की सिनेमातल्या पुरोगामी तारकेने पडद्यावरून समजूत घातली आणि उदारमतवादी मंडळींनाही हे पटलं. हा टोमणा नीट लक्षात घ्या, कारण या बँडचं वेगळेपण मला तिथेच दिसतं. उजव्यांना शिव्या घालणारे बँड पोत्याने मिळतील. हे लोक आपल्याच बाजूच्या सुखवस्तू माणसालाही सोडत नाहीत.

‘हॉलिडे इन कंबोडिया’ हे त्या वृत्तीचं सगळ्यात उत्तम गाणं, आणि माझ्या मते अल्बमचं शिखरही. इथे मात्र सोंग नाही, समोरच्याला थेट सुनावलंय. समोर आहे वर्ष-दोन वर्षं कॉलेजात काढलेला एक पोरगा. महागड्या स्टिरिओवर दूरदेशीचं जॅझ लावून तो आपली अभिरुची मिरवतो आणि काळ्या वस्तीतल्या लोकांची दुःखं आपल्याला कळतात अशा फुशारक्या मारतो. (त्याच्या फुशारकीत एक वर्णद्वेषी शब्द येतो. तो त्याचं पितळ उघडं पाडायला घातलाय हे खरं, तरी आज कानाला झोंबतो.) त्याला सांगितलं जातं, बाबा, तू जरा पोल पॉटच्या कंबोडियात सुट्टीला जाऊन ये. पाठीला बंदूक, दिवसभर राबणं, बदल्यात वाटीभर भात. पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट 1975 ते जानेवारी 1979 पर्यंत चालली आणि त्यात काही लाख नव्हे, दीड-दोन दशलक्ष माणसं गेली असं मानलं जातं. हे गाणं 1980 मध्ये, जखम ताजी असताना, बाजारात आलं.

हे गाणं पहिल्यांदा हेडफोन लावूनच ऐका. आधी क्लाउस फ्लुओराइडचा बास एकटाच घरघरत येतो. मग ईस्ट बे रे याची गिटार इकोमधून थेंबाथेंबाने ठिबकायला लागते. कोण कुठून येतंय कळत नाही, आणि मग सगळे एकदम अंगावर येतात. रेची गिटार इतर पंकवाल्यांसारखी नुसती खरखरत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचं जुनं सर्फ संगीत आणि हेरपटांचं पार्श्वसंगीत यांची त्यात छाया आहे. म्हणूनच गाणं भीतीदायकही वाटतं आणि नाचावंसंही वाटतं. शेवटी तर पोल पॉटच्या नावाचा घोष सुरू होतो. आमच्या हॉस्टेलवर हा घोष भलत्याच उत्साहाने चालायचा, आणि ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांना पोल पॉट कोण ते ठाऊक नव्हतं. गाण्यातला पोरगा आम्हीच होतो, म्हणायला हरकत नाही.

याच्या तुलनेत ‘कॅलिफोर्निया युबर आलेस’चा (म्हणजे ‘कॅलिफोर्निया सर्वांच्या वर’) नेम मला चुकलेला वाटतो. चाल जबरदस्त आहे, प्रश्नच नाही. पण त्यात कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन हे उद्याचे हुकूमशहा म्हणून रंगवलेत: शाळेत पोरांना सक्तीचं ध्यान, सगळ्यांना सक्तीचं जॉगिंग, आणि रात्री दार ठोठावणारे डेनिमधारी गुप्त पोलीस. विनोद म्हणून फर्मास, भाकीत म्हणून फसलेलं. व्हाइट हाउसमध्ये गेले ते रेगन. बँडलाही ते उमगलं असावं, कारण 1981 मध्ये त्यांनी हेच गाणं रेगनवर बेतून, हॉटेलातल्या गुळगुळीत जॅझच्या चालीवर, नव्याने केलं. नाव दिलं ‘वुईव्ह गॉट अ बिगर प्रॉब्लेम नाउ’. तेही ऐका, हसू येईल.

मुखपृष्ठाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सोडून पुढे जाता येत नाही. त्यावर पेटलेल्या पोलीस गाड्या दिसतात. फोटो सॅन फ्रान्सिस्कोचा, 21 मे 1979 च्या रात्रीचा. त्याआधी नोव्हेंबर 1978 मध्ये महापौर जॉर्ज मोस्कोनी आणि समलिंगी हक्कांसाठी लढणारे नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांना डॅन व्हाइट या त्यांच्याच माजी सहकाऱ्याने नगरभवनात गोळ्या घातल्या. व्हाइट आधी पोलिसात होता. ज्युरीने त्याला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोषी धरलं, म्हणजे शिक्षा सात-आठ वर्षांची. निकाल आला त्याच रात्री शहर भडकलं.

गायक जेलो बिआफ्रा त्याच वर्षी महापौरपदासाठी उभा राहिला. जाहीरनामा अर्धा चावट, अर्धा गंभीर. व्यापारी पेठेतल्या साहेबांनी विदूषकाचे कपडे घालावेत. शहरभर डॅन व्हाइटचे पुतळे उभारावेत आणि लोकांनी मारावीत म्हणून पालिकेने तिथे अंडी-टोमॅटो विकावेत. आणि त्याच यादीत, पोलिसांची निवड त्या-त्या वस्तीच्या मतदानाने व्हावी, रिकाम्या पडलेल्या इमारतींत बेघरांना राहू द्यावं. दहा उमेदवारांत तो चौथा आला. मतं साडेसहा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्यात एखाद्या वॉर्डाचा नगरसेवक होतो.

त्या रिकाम्या इमारतींचा धागा ‘लेट्स लिंच द लँडलॉर्ड’मध्ये सापडतो. छत गळतंय, स्वयंपाकघरात उंदीर, गुडघ्यापर्यंत झुरळं, पाण्याची बोंब, आणि मालक येऊन सांगतो की भाडं दुप्पट. पागडीच्या खोलीत पावसाळा काढलेल्या माणसाला या गाण्याला तळटीप लागणार नाही. ‘व्हेन या गेट ड्राफ्टेड’ही त्या वर्षाचंच. कार्टर यांनी 1980 मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नावनोंदणी परत सुरू केली होती. अर्थव्यवस्था ढासळली तर एखादं युद्ध काढा, असा त्या गाण्याचा साळसूद सल्ला.

बाकीची काही गाणी निव्वळ वात्रटपणा आहेत. ‘स्टीलिंग पीपल्स मेल’मध्ये लोकांच्या टपालपेट्यांतली पत्रं चोरत फिरणं, बस. ‘आय किल चिल्ड्रन’ मला कधीच रुचलं नाही. तिथे वाईट माणसाचं सोंग आहे, पण त्या सोंगातून कुणाला चिमटा बसतोय ते दिसत नाही, नुसता धक्का उरतो. अल्बमवर निर्माता म्हणून ज्या ‘नॉर्म’चं नाव आहे तो रेकॉर्डिंग करणाऱ्याचा बोका होता. हा त्याच वात्रटपणाचा भाग, आणि हा मला आवडतो.

तुमच्यासारखा गैरसमज अनेकांचा झाला, आणि तो नेहमी निरुपद्रवी राहिला नाही. पुढे पंकच्या कार्यक्रमांत खरोखरच नाझी खुणा मिरवणारी, मारामाऱ्या करणारी पोरं यायला लागली. तेव्हा 1981 मध्ये या बँडने सोंग बाजूला ठेवून त्यांना नाव घेऊन, शिवी घालून एक मिनिटभराचं गाणं सुनावलं. त्यात कुठलीही व्याजस्तुती नाही.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर आधी ‘हॉलिडे इन कंबोडिया’, मग ‘किल द पुअर’ शब्द समोर ठेवून, मग ‘लँडलॉर्ड’. हे तीन जमले तर पहिल्यापासून लावा. शेवटी एल्विसचं ‘व्हिवा लास वेगस’ येईल, तेव्हा प्लेयरने भलतंच काही लावलं असं समजून बंद करू नका. तेही त्यांनीच गायलंय.